साक्षीदार क्रमांक दोन

माझ्या आईने सव्वीस वर्षं लोकांची लग्नं कागदावर लावली. जिल्ह्याच्या ठिकाणी विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ती लिपिक होती. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखालची लग्नं तिच्या टेबलावरून जायची. नियोजित विवाहाची नोटीस घ्यायची, बोर्डावर लावायची, तीस दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर दोघांकडून घोषणापत्र भरून घ्यायचं. घरी ती कधी कुणाचं नाव सांगत नसे. पण रात्री जेवायला बसल्यावर एखादं वाक्य यायचं. ‘आज मुलीकडचं कुणीच नव्हतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तिसरी सही केली.’ तिचं एक मत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो: जे कागदावर नाही, ते उद्या कुणीही नाकारू शकतं.

२०१० साली मी मेलबर्नहून फोन करून तिला सांगितलं, की मी जिच्यासोबत राहते ती नुसती मैत्रीण नाही, माझी जोडीदार आहे, आणि पुढचं आयुष्य मला तिच्याबरोबरच काढायचं आहे. पलीकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग आई म्हणाली, ‘बरं. पण तुमचं नातं कुठे लिहायची वेळ आली, तर काय लिहायचं?’

मी दुखावले. एवढं मन उघडं केलं आणि हिने रकाना विचारला, असं वाटलं. तिने तिच्या परीने सगळ्यात गंभीर प्रश्न विचारला होता, हे कळायला मला सात वर्षं लागली.

तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर होतं, पण अर्धंमुर्धं. २००८-०९च्या सुधारणांनंतर ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यांमध्ये आमच्यासारख्या जोडप्यांना ‘डी फॅक्टो’, म्हणजे लग्नाशिवाय एकत्र संसार करणारं जोडपं, म्हणून जागा मिळाली होती. माझी जोडीदार इथे शिकायला आलेली. २०१२मध्ये आम्ही तिच्या पार्टनर व्हिसाचा अर्ज केला आणि त्यासाठी आमच्या संसाराची फाइल तयार केली. दोघींच्या नावाचा भाडेकरार, विजेची बिलं, जोडखात्याचे उतारे, सहलींचे फोटो, आणि ‘या दोघी खरोखर जोडपं आहेत’ असं मित्रमैत्रिणींनी शपथेवर लिहून दिलेलं. व्हिसा मिळाला. पण डी फॅक्टो नातं नुसतं सांगून भागत नाही. हॉस्पिटलात, बँकेत, विम्याच्या फोनवर ते दर वेळी पहिल्यापासून पटवून द्यावं लागतं. लग्नाला एक तारीख असते. आमच्याकडे तारीख नव्हती, फक्त पुरावे होते.

लग्नाची वाट २००४पासून बंद होती. त्या वर्षी संसदेने विवाह कायद्यात व्याख्याच घातली, की विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं मीलन. इथल्या प्रत्येक बिगरधार्मिक लग्नात लग्न लावणाऱ्याला कायद्याचं एक वाक्य मोठ्याने म्हणावं लागतं आणि त्यातही ते ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ होतंच. सहकाऱ्यांच्या लग्नांना आम्ही दोघी सजूनधजून जायचो आणि ते वाक्य आलं की एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

आईच्या मनात काहीतरी हललं ते २०१६च्या जानेवारीत. इंग्लंडमध्ये रीतसर लग्न झालेले दोन तरुण मधुचंद्राला ऑस्ट्रेलियात आले होते. त्यातला एक ॲडलेडमध्ये अपघाताने गेला. मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं: कधीही विवाह झालेला नाही. जिवंत राहिलेल्या नवऱ्याला तो कागद हातात घ्यावा लागला. पुढे त्या राज्याच्या प्रमुखांनी त्याची माफी मागितली. मी हे आईला सहज सांगितलं. ती एकदम ताठ आवाजात म्हणाली, ‘पण ही नोंद खोटी आहे. दाखला आहे ना त्यांच्याकडे? मग खोटी नोंद कशी काय केली?’ त्या दिवशी ती प्रेमाबद्दल, समाजाबद्दल काही बोलली नाही. पण दोन दिवसांनी तिने पुन्हा फोन केला आणि विचारलं, ‘उद्या तुझं काही झालं, तर तुझ्यापुढे काय लिहितील?’

मी म्हटलं, ‘हेच.’

‘मग हे बरोबर नाही,’ आई म्हणाली.

२०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारने जाहीर केलं, की टपालाने देशभर सर्व्हे घेऊन लोकांना विचारायचं. सप्टेंबरच्या ७ तारखेला त्याविरुद्धचे दावे उच्च न्यायालयात फेटाळले गेले आणि १२ तारखेपासून पाकिटं निघाली. सुमारे एक कोटी साठ लाख. आत एकच प्रश्न: समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं यासाठी कायदा बदलावा का? होय किंवा नाही. ऑस्ट्रेलियात निवडणुकीचं मतदान सक्तीचं आहे. हा सर्व्हे मात्र ऐच्छिक होता आणि संसदेवर बंधनकारकही नव्हता.

आमच्या पत्त्यावर एकच पाकीट आलं, माझ्या नावाचं. तिचा नागरिकत्वाचा अर्ज अजून रांगेत होता. मी टेबलाशी बसून ‘होय’च्या चौकोनावर खूण करत होते, ती शेजारी उभी होती, आणि तिच्या लग्नाबद्दल तिला सोडून सगळ्यांना विचारलं जात होतं. ते पाकीट चिकटवताना माझे हात थरथरत होते. रागाने, हे मी कबूल करते.

आईला फोनवर सगळी पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, ‘म्हणजे तुमची नोटीस अख्ख्या देशाच्या बोर्डावर लावली म्हणायची.’ त्या दोन महिन्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं, ऐकलं, पण इतकं नेमकं कुणी बोललं नाही. अख्ख्या देशाच्या बोर्डावर, आणि हरकत असेल तर कळवा.

आम्ही काही भारतीय मंडळींनी ठरवलं, की आपापल्या भाषेतल्या घरी जाऊन बोलायचं. माझ्या वाट्याला मराठी घरं आली. बोलण्याचा सराव केला होता, पण आधी भाषेशीच अडखळले. ‘समलिंगी विवाह’ हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस वर्तमानपत्र वाचायला घ्यावं तसा चेहरा करायचा. म्हणून मी तो शब्दच सोडला आणि ‘माझं लग्न’ म्हणायला लागले.

एका घरी, जिथे मी कितीदा जेवले आहे, ताईंनी दार अर्धंच उघडलं. ‘मुलं घरात आहेत गं,’ एवढंच म्हणाल्या. मी ज्या मुलांना गणित शिकवलं होतं तीच ती मुलं. मी पायऱ्या उतरून गाडीत बसले आणि पुढच्या घरी जायला मला अर्धा तास लागला.

पुढच्या घरी पंचाहत्तरीचे एक काका होते. मुलाकडे येऊन वीस वर्षं झालेली, नागरिकत्व घेतलेले. त्यांचं पाकीट टीव्हीशेजारी तसंच बंद पडून होतं. मी म्हटलं, काका, याबद्दलच बोलायला आलेय. ते म्हणाले, ‘मला का विचारतायत हेच समजत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी परगावच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.’ मग त्यांनी जरा निरखून पाहिलं. ‘यात तुझं लग्न आहे का?’

‘हो काका. माझंच आहे.’

‘तुझ्या आईवडिलांना ठाऊक आहे?’

‘वडील नाहीत. आईला ठाऊक आहे.’

‘काय म्हणते ती?’

‘नोंद व्हायला हवी म्हणते.’

काकांनी सुनेला हाक मारून चष्मा मागवला. मी लगेच उठले, कारण त्यांची खूण बघायचा मला अधिकार नव्हता. त्यांनी काय केलं ते मला आजही माहीत नाही. पण मी दारात चपला घालत असताना ते आतून म्हणाले, ‘डिंक आहे का गं घरात? हे नीट चिकटत नाही.’

१५ नोव्हेंबरला, बुधवारी सकाळी आम्ही दोघी स्टेट लायब्ररीसमोर उभ्या होतो. हजारो माणसं, मोठा पडदा, इंद्रधनुषी झेंडे. एरवी तो रस्ता ट्रामच्या घंटांनी भरलेला असतो, पण दहा वाजता इतकी शांतता झाली की कुणाच्या तरी बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. देशाचे मुख्य सांख्यिकी अधिकारी डेव्हिड कॅलिश कॅनबेरामध्ये बोलायला उभे राहिले. त्यांनी आधी सहभागाचे आकडे सांगितले. ७९.५ टक्के लोकांनी फॉर्म परत पाठवले होते. ते अगदी शांतपणे, एकेक वाक्य पुरं करत बोलत होते आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांना मुंग्या आल्या. मग आकडा आला. होय: ७८,१७,२४७. ६१.६ टक्के. पुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या मागे उभे असलेले दोन वयस्कर गृहस्थ, सत्तरीच्या आसपासचे, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होते, आणि त्यातला एक पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होता, जणू नेमकी वेळ त्याला लक्षात ठेवायची होती. प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक प्रदेशात ‘होय’ला बहुमत मिळालं, हे आम्हाला नंतर कळलं.

भारतात पहाटेचे साडेचार वाजले होते. आईला झोपेतून उठवायचं नाही म्हणून साडेअकरापर्यंत थांबलो. तोवर कुणाकुणाला मिठ्या मारल्या ते आठवतही नाही. आईने पहिल्याच घंटीला फोन उचलला. ती जागीच होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग आता नोंद होते का?’

‘अजून नाही आई. आता संसदेत कायदा व्हायचाय.’

‘हं. मग आनंद करा, पण कागद जपून ठेवा.’

त्या रात्री कार्ल्टनमध्ये लायगन स्ट्रीटवर रस्ता भरून माणसं नाचत होती. ती नाचली. मी इतकी वर्षं तिला ओळखते, पण रस्त्यावर, परक्या लोकांत, तिला असं नाचताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही घराबाहेर हात धरतानाही आजूबाजूला एक नजर टाकायचो. सवय होती ती. त्या रात्री ती नजर टाकायची राहून गेली आणि राहून गेलीय हे मला मध्यरात्री परतीच्या ट्राममध्ये लक्षात आलं.

तरी एक गोष्ट लपवायची नाही. ४८,७३,९८७ लोकांनी ‘नाही’ म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना मी डब्यातली माणसं मोजली. दहातले जवळजवळ चार. कुठले चार? ज्या देशात मी कर भरते, रक्तदान करते, तिथे मला अनोळखी चेहऱ्यांमध्ये हरकतदार शोधायला लावलं गेलं. जिंकल्यानंतरही ते मोजणं कितीतरी दिवस थांबलं नाही.

पुढचं भराभर झालं. सिनेटर डीन स्मिथ यांचं विधेयक २९ नोव्हेंबरला सिनेटमध्ये ४३ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झालं. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी प्रतिनिधीगृहात मतदान झालं तेव्हा विरोधात फक्त चार जण बसले होते. प्रेक्षकांच्या सज्जात लोक उभे राहून गायला लागले. ते मी फोनवर पाहिलं, रेल्वे स्टेशनच्या फलाटावर उभं राहून, आणि दोन गाड्या सोडल्या. ९ डिसेंबर २०१७पासून कायदा लागू झाला. परदेशात आधीच लग्न केलेली जोडपी त्या क्षणी इथेही विवाहित झाली. बाकीच्यांनी महिनाभराची नोटीस द्यायची होती.

इथून पुढची गोष्ट फॉर्मची आहे, आणि मला ती सांगायला सगळ्यात आवडते.

ऑस्ट्रेलियात बहुतेक लग्नं सिव्हिल सेलिब्रंट लावतात. १९७३मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था. धर्माशी संबंध नसलेली, सरकारने अधिकार दिलेली व्यक्ती तुम्हाला हव्या त्या ठिकाणी येऊन कायदेशीर लग्न लावते. आमच्या सेलिब्रंट बाईंनी नवा फॉर्म पाठवला. मी तो मोठ्याने वाचायला घेतला, व्हिडिओ कॉलवर आई होती. ‘नोटीस ऑफ इन्टेन्डेड मॅरेज.’

‘अगं, हेच नाव!’ आई म्हणाली. ‘आमच्याही फॉर्मचं इंग्रजी नाव हेच.’ दोन्ही देशांना हा साचा एकाच जुन्या साहेबाकडून मिळालेला. पण आईला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिने चष्मा लावला, वही घेतली आणि म्हणाली, ‘एकेक रकाना वाच. घाई करू नको.’

पहिल्या रकान्यात निवड होती: वर, वधू किंवा जोडीदार. जुन्या फॉर्मवर एक वर आणि एक वधू असायचे. आम्ही दोघी तिथेच थांबलो. मला ‘जोडीदार’ बरं वाटत होतं, सात-आठ वर्षं तोच शब्द वापरला होता. ती म्हणाली, ‘मला वधू लिहायचंय. मागच्या वेळी मी वधू होते तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.’ मग मीही वधू लिहिलं.

मागची वेळ म्हणजे तिचं पहिलं लग्न. बाविसाव्या वर्षी घरच्यांनी लावलेलं, तीन वर्षांनी परस्पर संमतीने संपलेलं. फॉर्मवर वैवाहिक स्थिती विचारतात आणि घटस्फोट झाला असेल तर सेलिब्रंटला त्याचा पुरावा पाहावा लागतो. तिचा हुकूमनामा मराठीत होता. त्याचा नाटी या संस्थेने प्रमाणित केलेल्या भाषांतरकाराकडून इंग्रजी तर्जुमा करून घ्यायचा होता. तेही झालं असतं, पण हुकूमनाम्यावर तिचं सासरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं. मधला दुवाच नाही. सेलिब्रंट बाई समजूतदार होत्या. पण कायद्याच्या डोळ्यांना या दोन वेगळ्या बायका दिसत होत्या.

ती रडकुंडीला आली. ‘ते नाव पुसायला मी किती खटपट केली, आणि आता तेच आडवं आलं.’

पडद्यावरून आईने विचारलं, ‘माहेरचं नाव परत घेतलंस तेव्हा राजपत्रात दिलं होतंस ना?’

दिलं होतं.

‘मग त्याची प्रत काढा. त्यात जुनं नाव, नवं नाव, दोन्ही असतात. तर्जुमा करताना तोही लावा. आमच्याकडे अशा शंभर केसेस आल्या असतील.’

राजपत्राची प्रत एका जुन्या ईमेलमध्ये सापडली. आईला काय आनंद झाला! निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि तिचं ज्ञान पुन्हा कुणाच्या तरी लग्नाला उपयोगी पडलं होतं. त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलायच्या आधी तिच्याशी बोलायला लागली. ‘तर्जुमा आला का? सहीखाली तारीख बघितलीस का?’

पुढे आईवडिलांची नावं विचारली होती. आईचं लग्नाआधीचं पूर्ण नावही. मी विचारलं तर ती पडद्यावर क्षणभर गप्प झाली, मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. ते नाव मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं पाहिलं नव्हतं. तिनेही खूप वर्षांत लिहिलं नव्हतं. ‘इथे लागतं होय हे?’ ती दोनदा म्हणाली.

डिसेंबरच्या मध्यावर नोटीस सेलिब्रंटकडे गेली. जानेवारीत आई आली. ९ जानेवारीला महिना पूर्ण झालेल्या पहिल्या जोडप्यांनी मध्यरात्रीच्या ठोक्याला लग्नं केली, त्यांचे फोटो आम्ही तिघींनी एकत्र पाहिले. ती ज्या देशातून विमानात बसली तिथे तेव्हा कलम ३७७ अजून उभं होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं ते त्याच वर्षी ६ सप्टेंबरला.

आई आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘नोटीस कुठे लावलीय?’

‘कुठेच नाही. इथे बोर्डावर लावत नाहीत. सेलिब्रंटकडे असते.’

‘मग हरकत कोण घेणार?’

‘कुणीच नाही.’

ती खुर्चीत बसली. मग तिने सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोर्डासमोर काही माणसं रोज यायची. नावं, पत्ते उतरवून घ्यायची. एकदा एका मुलीची नोटीस लावली, आणि आठवड्याभरात तिच्या घरी बातमी पोचली. तिसाव्या दिवशी मुलगा आला, दोन मित्रांना घेऊन. मुलगी आली नाही. तो संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत बाकावर बसून होता. ‘त्या नोटिशीला टाचण्या मीच लावल्या होत्या,’ आई म्हणाली. ‘नियमच होता. पण लावल्या मीच.’

ती मग आमच्या स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. मी मागे जाऊन उभी राहिले तर म्हणाली, ‘हे बरंय इथलं. बोर्ड नाही ते.’

लग्न फेब्रुवारीत, घराच्या मागच्या अंगणात ठेवलं. वीस-बावीस माणसं. बाकीची तयारी सांगण्यासारखी नाही, शब्दांची मात्र आहे. कायद्याप्रमाणे दोघींनी एक वाक्य म्हणावंच लागतं: इथे उपस्थित असलेल्यांना साक्षी ठेवून मी अमुक, तुझा माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करते. नव्या कायद्यात पत्नी, पती किंवा जोडीदार, यातला हवा तो शब्द निवडता येतो. सेलिब्रंट म्हणाल्या, इंग्रजीत म्हणा, आणि हवं तर नंतर तुमच्या भाषेतही म्हणा. मराठी मसुदा आईने करायला घेतला. हे वाक्य तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. विशेष विवाह कायद्यातलं वाक्य जवळजवळ हेच आहे. मुलगा म्हणायचा, ‘पत्नी म्हणून स्वीकार करतो.’ मुलगी म्हणायची, ‘पती म्हणून स्वीकार करते.’

आई वहीत लिहीत गेली. ‘तुझा माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार...’ आणि पेन थांबलं. मी बघत होते. सव्वीस वर्षांची सवय हाताला ‘करतो’कडे ओढत होती. ‘पत्नी’ आणि ‘करते’ हे दोन शब्द एका वाक्यात तिच्या कार्यालयात कधी आले नव्हते. तिने ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. मग ‘करते’ लिहिलं, खाली रेघ मारली, आणि वही तिच्याकडे सरकवली. ‘पाठ कर. अडखळायचं नाही.’

साक्षीदारांचा प्रश्न उरला होता. इथे दोन लागतात, अठरा वर्षांवरचे. माझ्याकडून आई आणि तिच्याकडून तिच्या वॉर्डातली सहकारी, असं आम्ही धरून चाललो होतो. तिच्या घरून कुणी येणार नव्हतं. तिच्या आईने निरोपाला उत्तरही दिलं नव्हतं. आदल्या रात्री माझ्या आईने हे सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, ‘मग मी तिच्याकडून सही करते. तुझ्याकडून ती सहकारी करेल. मुलीकडचं कुणी नाही असं व्हायला नको.’

दाखल्यावर बाजू नसतात, हे मला तिला सांगवलं नाही. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सेलिब्रंट बाईंनी कायद्याचं ते वाक्य म्हटलं. विवाह म्हणजे दोन व्यक्तींनी, इतर सर्वांना वगळून, स्वेच्छेने, आयुष्यभरासाठी एकत्र येणं. दोन व्यक्तींनी. इतक्या लग्नांमध्ये ते टाळत आलेलो आम्ही त्या वेळी एकमेकींकडे पाहिलं. मी इंग्रजी वाक्य धड म्हटलं आणि मराठीत अडखळले. ती अडखळली नाही. ‘स्वीकार करते’ म्हणताना तिने शब्द असा टाकला की माझ्या आईची मान आपोआप हलली, बरोबर उत्तर आल्यावर हलावी तशी.

सह्या तीन कागदांवर होत्या. आमच्या, साक्षीदारांच्या, सेलिब्रंटच्या. पहिल्या रेघेवर सहकारीने सही केली. दुसऱ्या रेघेवर आईने. पदराने हात पुसून, कागद स्वतःकडे सरळ करून घेऊन, देवनागरीत, पूर्ण नावाने. तिन्ही सह्या एकसारख्या, मात्रा न मात्रा. मग ती टाळ्या वाजवायच्या आधी सेलिब्रंटना म्हणाली, ‘तारीख?’ त्यांनी तारीख दाखवली. मग आई रडली.

सेलिब्रंटने चौदा दिवसांच्या आत कागद नोंदणीकडे पाठवायचे असतात. समारंभात हातात देतात तो सुंदर कागद ओळखपत्र म्हणून चालत नाही, खरा दाखला नोंदणीतून मागवावा लागतो. आईचं परतीचं तिकीट होतं ते तिने दाखला हातात पडेपर्यंत पुढे ढकलायला लावलं. तो आला तेव्हा तिने टेबल पुसलं, माझ्या बायकोला समोर बसवलं आणि दोघींचे पासपोर्ट तिच्या हातात दिले. ‘तू वाच, मी रुजुवात घेते.’ ती एकेक अक्षर वाचत होती आणि आई पेन्सिलीचं टोक दाखल्याला न टेकवता ओळीवरून फिरवत होती. नावं, जन्मतारखा, जन्मस्थळं. आईबापांची नावं. स्वतःच्या माहेरच्या नावाशी ती थांबली, तेही तपासलं, आणि पुढे गेली.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘लॅमिनेट करू नका, शिक्का उठून दिसत नाही. तीन झेरॉक्स काढा. एक मला द्या.’

ती प्रत तिच्या कपाटात आहे, घराच्या उताऱ्याच्या आणि बाबांच्या पेन्शनच्या कागदांच्या फाइलमध्ये. भारतात तो दाखला आमच्या लग्नाचा म्हणून चालत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, की विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि समलिंगी विवाहाचा कायदा करायचा की नाही ते संसदेने ठरवायचं. त्या दिवशी मी कामावरून लवकर घरी आले. काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून आईला फोन केला. तिने बातम्या पाहिल्या होत्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कागदांची सळसळ.

‘ऐक,’ ती म्हणाली. ‘ही झेरॉक्स पिवळी पडायला लागलीय. नवी पाठव.’